बोटीची बॅटरी सारखी का बसते? अल्टरनेटर आणि वायरिंगचा दोष कसा शोधायचा



बंदीचे दिवस म्हणजे बोटीच्या डागडुजीचे दिवस. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, राज्याच्या आदेशाप्रमाणे तारीख पुढेही जाते. या दिवसांत आपण बोट वर ओढतो, तळ खरवडतो, रंग देतो, जाळी शिवतो, इंजिनाचं तेल बदलतो. एवढं सगळं होतं, पण वायरिंगकडे कोणी बघत नाही. बॅटरी एका कोपऱ्यात तशीच पडून राहते. मग नारळी पौर्णिमेला नारळ दिला, बोट पाण्यात घातली, की पहिल्या-दुसऱ्या फेरीतच फोन येतो, "सेल्फ फिरत नाही, लाइट गेली."

संस्थेकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ अल्टरनेटर, बॅटरी नाहीतर वायरिंगमध्ये निघतं. म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहितो. वाचा आणि आपल्या तांडेलाला, खलाशांनाही वाचायला द्या.

करंट गेला तर काय काय जातं?

जुन्या इंजिनाला एकदा चालू झालं की बॅटरी लागत नाही. डिझेल पंप मेकॅनिकल असतो, इंजिन चालत राहतं. त्यामुळे "बॅटरी बसली तर बसली, इंजिन बंदच करायचं नाही" असं आपली माणसं म्हणतात. पण जाळं टाकून थांबलात, फिल्टर चोक झाला, पंख्यात दोर अडकला, तर इंजिन बंद करावंच लागतं. मग परत चालू कसं करणार? नवीन इंजिनांत तर डिझेल सोडणारा सोलेनॉइडच करंटवर चालतो. करंट गेला की इंजिन तिथल्या तिथे बंद.

इंजिनाबरोबर दिवे, जीपीएस, व्हीएचएफ, फिश फाइंडर, पाणी काढायचा पंप हे सगळं जातं. आपल्याकडे डुमस, मगदल्ला, हजिराच्या समोर मोठ्या जहाजांची ये-जा रात्रंदिवस असते. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत जोरदार. उधाणाच्या पाण्यात बंद बोट कुठल्या कुठे जाते हे तुम्हाला सांगायला नको. अशा जागी रात्री बिनदिव्याची बोट म्हणजे जहाजाला ती दिसतच नाही. डहाणू, झाई, सातपाटीकडे जाणाऱ्या बोटींचीही हीच गोष्ट. पाचशे रुपयांची वायर वाचवायला जाऊन बोटीवरच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

अल्टरनेटर करतो काय?

थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे दोष शोधणं सोपं जाईल.

इंजिनाची पुली बेल्टने अल्टरनेटरला फिरवते. आत रोटर असतो. त्याला कार्बन ब्रशमधून थोडा करंट मिळाला की तो चुंबक होतो. तो फिरला की बाजूच्या स्टेटरच्या तारांत वीज तयार होते. ही वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते. डायोड प्लेट तिला एकाच दिशेची करते, तेव्हा ती बॅटरीत जाते. आणि कटआउट, म्हणजे रेग्युलेटर, व्होल्टेज जास्त चढू देत नाही.

म्हणजे बेल्ट, ब्रश, रोटर, स्टेटर, डायोड, रेग्युलेटर ही साखळी आहे. एक कडी तुटली की चार्जिंग बंद. आणि यातलं काहीच बिघडलेलं नसलं तरी बॅटरीपर्यंतची वायर किंवा टर्मिनल खराब असेल तर परिणाम तोच. म्हणून आधी अल्टरनेटर उतरवू नका. आधी मोजा.

मीटर घ्या, अंदाज सोडा

प्रत्येक बोटीवर एक डिजिटल मल्टिमीटर हवाच. साधा मीटर चालतो, फार महाग नसतो. सोबत एक टेस्ट लॅम्प ठेवा. होल्डरला दोन वायर लावलेला बल्ब, बस. आणि मीटर चालवायला बोटीवरच्या दोन माणसांना तरी शिकवा.

खाली १२ व्होल्टच्या बॅटरीचे आकडे देतो. तुमची बोट २४ व्होल्टवर असेल तर दुप्पट करा.

१. इंजिन काही तास बंद, सगळे दिवे बंद. बॅटरीवर मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी फुल. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी.

२. सेल्फ मारताना मोजा. १० च्या आसपास राहिलं तर ठीक. ९.५ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर आहे, नाहीतर सेल्फ जाम होऊन जास्त करंट ओढतोय.

३. इंजिन चालू करून जरा रेस द्या. बॅटरीवर १३.८ ते १४.४ आलं पाहिजे. १२.५ च्या आसपासच राहिलं तर चार्जिंग होत नाही. १५ कडे चाललं असेल तर रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळणार.

४. आता सगळे दिवे आणि यंत्रं चालू करून परत मोजा. १३ च्या वर टिकलं पाहिजे. खाली घसरत असेल तर अल्टरनेटरला लोड झेपत नाही, किंवा आतला एखादा डायोड गेलाय.

ही चार मापं घ्यायला दहा मिनिटं पुरतात. आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात परत मोजलं की बॅटरी कुठे चाललीय ते आधीच कळतं.

लक्षण कोणतं, दोष कोणता?

*चावी फिरवली, पण लाल दिवा लागलाच नाही.* पुष्कळजण म्हणतात, बरं झालं, दिवा नाही म्हणजे दोष नाही. उलट आहे. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये रोटरला सुरुवातीचा करंट या दिव्यातूनच जातो. दिव्याचा बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही. बल्ब बघा, त्याची वायर बघा, मग ब्रश बघा. कित्येकदा एवढ्याशा बल्बसाठी अल्टरनेटर उतरवून दुकानात नेला जातो.

*इंजिन चालू आहे, तरी लाल दिवा तसाच.* चार्जिंग होत नाही. पहिल्यांदा बेल्ट बघा. तुटलाय का, सैल आहे का, डिझेल-तेल लागून घसरतोय का? दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त दबला तर सैल. अगदी ताठ ठेवला तर अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. बेल्ट ठीक असेल तर ब्रश किंवा रेग्युलेटर.

*लाल दिवा मिणमिणता राहतो.* डायोडचा संशय घ्या.

*दिवा विझतो, तरी बॅटरी भरत नाही.* इथे बहुतेक वेळा अल्टरनेटर निर्दोष असतो आणि वायर दोषी. इंजिन चालू, दिवे चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर तेवढा करंट वाटेतच मरतोय. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मोजा. तिथे ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग खराब. इंजिनाच्या फाउंडेशनवर रंग मारताना अर्थच्या बोल्टखालीही रंग गेला, असं बंदीच्या काळात हमखास होतं. बोल्ट खोला, लखलखीत घासा, परत आवळा.

*सेल्फ नुसता टकटक करतो.* सेल्फ मारताना बॅटरीवर मोजा. बॅटरी १२ च्या वर आणि सेल्फ फिरत नाही, तर बॅटरी चांगली आहे. टर्मिनल, जाड केबल नाहीतर सोलेनॉइड बघा. बॅटरी एकदम खाली बसली तर बॅटरीचाच दोष, किंवा सेल्फ जाम.

*बॅटरीचं पाणी लवकर संपतं, वास येतो, बल्ब सारखे उडतात.* ओव्हरचार्जिंग. रेग्युलेटर बदला. बॅटरी बदलून काही होणार नाही, नवीनही उकळेल.

*संध्याकाळी फुल, सकाळी खाली.* रात्री करंट कुठेतरी गळतोय. आधी एक सोपी परीक्षा करा. रात्रभर इंजिन बंद होतं, सकाळी अल्टरनेटरला हात लावा. कोमट लागला तर डायोड गेला, बॅटरी रात्रभर अल्टरनेटरमध्येच रिकामी होतेय. थंड असेल तर सगळी बटणं बंद करा, बॅटरीच्या मायनसची केबल काढा आणि मायनस व केबल यांच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प पेटला तर गळती आहे. आता एकेक फ्युज काढत जा. ज्या फ्युजला लॅम्प विझेल ती लाइन दोषी. सगळे फ्युज काढूनही लॅम्प पेटलेलाच असेल, तर अल्टरनेटरची मोठी वायर सोडवून बघा. मात्र ती परीक्षा करताना ती वायर बोटीच्या लोखंडाला लागू देऊ नका.

२४ व्होल्टच्या बोटीवर ही चूक फार दिसते

दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. जीपीएस आणि व्हीएचएफ १२ व्होल्टचे. मग दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढून त्यांना करंट दिला जातो. यंत्र चालतं, म्हणून सगळे खूश.

पण त्या एका बॅटरीतून रोज जास्त करंट जातो. अल्टरनेटर मात्र दोन्ही मिळून २८ व्होल्ट देतो. त्याला कोण भरली, कोण रिकामी हे कळत नाही. त्यामुळे एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन उकळते. वर्षाच्या आत दोन्ही जातात आणि बोल लागतो बॅटरी देणाऱ्या दुकानदाराला. यावर उपाय म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. तो लावा, दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार येईल. आणि बदलायच्या झाल्या तर दोन्ही एकदम, एकाच मापाच्या बदला. एक नवी, एक जुनी असं करू नका.

लोडचा हिशोब

डिझेलचा हिशोब आपण थेंबाथेंबाचा ठेवतो. करंटचाही ठेवता येतो. वॅटला व्होल्टने भागलं की ॲम्पिअर मिळतात.

समजा बोटीवर ५५ वॅटचे चार हॅलोजन आहेत. ५५ चोक २२० वॅट. भागिले १२, म्हणजे सुमारे १८ ॲम्पिअर. तुमची बॅटरी १०० ॲम्पिअर-तासाची. तिच्यातला निम्मा करंट वापरायचा, त्याच्या खाली सारखी उतरवली तर बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणजे वापरायचे ५० ॲम्पिअर-तास. इंजिन बंद ठेवून ते चार हॅलोजन तीन तासही पुरत नाहीत.

तेच १५ वॅटचे चार एलईडी लावले तर ६० वॅट, म्हणजे ५ ॲम्पिअर. तीच बॅटरी दहा तास चालेल. दिवे बदलायला खर्च आहे, पण हिशोब तुमच्या समोर आहे.

अजून एक गोष्ट. अल्टरनेटरवर ३५ किंवा ४५ ॲम्पिअर लिहिलेलं असतं, ते चांगल्या वेगाला. इंजिन मंद ठेवलं तर त्याच्या कितीतरी कमी मिळतं. "रात्रभर इंजिन स्लोवर ठेवलं, तरी बॅटरी बसली" याचं कारण हेच. दिवे जेवढं खातात तेवढंही स्लोवर तयार होत नाही.

खरा दुश्मन खारं पाणी

गाडीची वायरिंग आणि बोटीची वायरिंग यात फरक मिठाचा. उघड्या तांब्याला खारी हवा लागली की हिरवा थर येतो, तो वायरच्या कोटिंगच्या आत वितभर चढतो. बाहेरून वायर नवी दिसते, आत काळी पडलेली असते. म्हणून:

- घरातली वायर बोटीवर वापरू नका. कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची मरीन वायर घ्या.
- नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी ठेवू नका. लग दाबून बसवा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा.
- बॅटरीचं टर्मिनल पांढरं-हिरवं झालं तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, घासा, आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी आवळायचं, मग व्हॅसलीन.
- वायर तळाच्या पाण्यात लोंबू देऊ नका. वरून बांधून न्या.
- प्रत्येक लाइनला तिचा फ्युज हवा. फ्युज उडाला म्हणून तिथे तार किंवा सिगारेटची चांदी लावणं म्हणजे आगीला निमंत्रण.
- बॅटरी पेटीत, उंचावर, बांधून ठेवा आणि हवा खेळू द्या. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, ठिणगीने स्फोट होतो. आणि खारं पाणी बॅटरीच्या ॲसिडमध्ये गेलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

हे कधीच करू नका

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढू नका. "अल्टरनेटर चालतोय का बघू" म्हणून पुष्कळ मिस्त्री असं करतात. बॅटरी निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, कधी जीपीएससुद्धा जातो. चांगला अल्टरनेटर तपासता तपासता खराब होतो.

बोटीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायर सोडवा, जीपीएस-व्हीएचएफचे प्लग काढा.

बॅटरी जोडताना प्लस-मायनस दोनदा बघा. उलट लागली तर डायोड क्षणात जातात. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.

दुरुस्तीला देताना

आपल्या भेस्तानातून समुद्र दिसत नाही, पण उधना, पांडेसरा, सचिन हा सगळा कारखान्यांचा पट्टा. मोटार वायंडिंगचे चांगले कारागीर इथे मिळतात. फक्त त्यांना सांगा की हा अल्टरनेटर बोटीचा आहे. गाडीचं काम आणि बोटीचं काम एक नाही. वायंडिंगला वार्निश नीट हवं, बेअरिंग सील असलेलं हवं. ब्रश बदलले तर स्लिप रिंगही साफ करून घ्या. जुने काढलेले भाग परत मागून घ्या. आणि दुकानातच टेस्ट बेंचवर लोड देऊन चालवून बघा, "फिरतोय" एवढ्यावर पैसे देऊ नका.

जुना चालणारा अल्टरनेटर भंगारात घालू नका. दुरुस्त करून बोटीवर स्पेअर ठेवा. स्पेअर बेल्ट तर सक्तीचा समजा.

समुद्रात करंट गेलाच तर

इंजिन चालू असेल तर बंद करू नका. फिश फाइंडर, कामाचे दिवे, मोबाइल चार्जिंग सगळं बंद करा. उरलेला करंट मार्गदिवे आणि व्हीएचएफसाठी राखा. बंदराकडे वळा.

मार्गदिवे सोडून चालत नाही. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. ट्रॉलिंग करत असाल तर वर हिरवा खाली पांढरा, दुसरी मासेमारी असेल तर वर लाल खाली पांढरा. हे दिवे बघूनच जहाजवाला तुमच्यापासून लांब जातो. म्हणून बॅटरीवर चालणारे दोन-तीन टॉर्च आणि सुटे मार्गदिवे बोटीवर हवेतच.

हातातला व्हीएचएफ सेट त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालतो. तो चार्ज करून ठेवा, चॅनल १६ वर बोला. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. ज्यांच्याकडे इस्रोने तयार केलेला डॅट आहे, त्यालाही स्वतःची बॅटरी असते. बटण दाबलं की उपग्रहामार्फत खबर तटरक्षक दलापर्यंत जाते. नव्या पिढीच्या डॅटवर तर संदेश पोचल्याचं उत्तरही परत येतं. पण त्याची मुदत, बॅटरी फेरीआधी बघितलेली हवी. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते १ लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर देण्याची योजना सुरू झाली. यंत्रं येतायत, चांगलं आहे. पण यंत्र कितीही भारी असलं तरी त्याला चार्जिंग लागतंच.

घरच्यांसाठी

बोट समुद्रात गेली की काळजी घरी बसलेल्यांना. म्हणून घरच्यांनीही चार गोष्टी विचारा. बॅटरी कधी घेतली? व्होल्टेज किती आलं? स्पेअर बेल्ट घेतला का? टॉर्च चालते का? बाजाराचा, उधारीचा हिशोब घरातल्या बायका ठेवतातच, त्याच वहीत एक पान बॅटरीचं ठेवा. बॅटरी घेतल्याची तारीख, पाणी टाकल्याची तारीख, मोजलेले आकडे आणि वॉरंटी कार्ड तिथेच. वॉरंटीच्या वेळी कार्ड सापडत नाही ही तक्रार तरी मिटेल.

एक फेरी अर्धवट सोडून परतावं लागलं तर डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचा पगार सगळं पाण्यात. त्यापुढे मीटर, बेल्ट आणि चांगली वायर यांचा खर्च काहीच नाही.

ज्यांना मीटर कसा लावायचा ते समजलं नसेल त्यांनी संस्थेच्या कार्यालयात यावं. येताना आपल्या बोटीची बॅटरी किती व्होल्टची, किती ॲम्पिअरची आणि अल्टरनेटरवर काय लिहिलंय ते कागदावर लिहून आणा. बोट पाण्यात घालायच्या आधी या, नंतर घाई होते.

सगळ्यांच्या बोटी भरून आणि सुखरूप घरी येवोत.

— सचिव